सीडीवर भाजलेलं नाव

आत्या गायला बसली की आधी दार लावायची, मग खिडकी, आणि मग माझ्याकडे बघायची. मी शाळेत जात होतो तेव्हाही आणि मला मिशा फुटल्या तेव्हाही. मी काही परका नव्हतो. आई लवकर गेली, वडील बुटीबोरीच्या कारखान्यात पाळ्या करायचे, त्यामुळे माझं जेवणखाण, शाळा, ताप-खोकला सगळं तिनेच केलं. तरी गाण्याचं शेवटचं कडवं जवळ आलं की ती थांबायची आणि म्हणायची, "जाय गा, पानी आन." मी पाणी घेऊन येईपर्यंत कडवं संपलेलं असायचं.

हा संशय तिने जन्माला येताना सोबत आणला नव्हता. आजोबांनी छप्पन साली नागपुरात दीक्षा घेतली, आणि घरात त्या दिवसाच्या गोष्टी ऐकत आत्या वाढली. पुढे त्याच गोष्टींची तिने गाणी रचली. पायी आलेली माणसं, कडेवरची पोरं, धुऊन घातलेली पांढरी लुगडी, मैदानातली धूळ. आमच्याकडे गाण्याच्या शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचं नाव गुंफतात. गाणं कोणाचं, हे त्या एका ओळीवरून कळतं. एकदा एका गायन पार्टीचा गायक घरी आला, चहा प्याला, वाहवा करत चार गाणी ऐकून गेला. पुढच्या दसऱ्याला दीक्षाभूमीवर आत्या पुरीभाजीच्या पंगतीत बसली होती, आणि भोंग्यातून तिचंच गाणं आलं. शेवटच्या कडव्यात नाव मात्र त्या गायकाचं. तिचं नाव तीन अक्षरी, त्याचंही तीन अक्षरी. चालीला जरासुद्धा धक्का लागला नव्हता.

ती तशीच उठून स्टेजपाशी गेली. तिथल्या माणसांनी विचारलं, "बाई, पुरावा काय हाय?" पुरावा तिच्या गळ्यात होता, आणि भोंगा तिच्याहून मोठ्याने गात होता. ती पंगतीत परत न बसता घरी निघून आली. दुधाने तोंड भाजलं की माणूस ताकही फुंकून पितो. आत्या तर त्यानंतर पाणीही फुंकायला लागली. विहारातल्या बायकांना ती गाणी शिकवायची, पण शेवटचं कडवं सोडून. बायका म्हणायच्या, "गानं मधातच तुटते वं." आत्या म्हणायची, "तुटू दे."

ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला की वाण नाही तरी गुण लागतोच. मीही तसाच झालो. नागपुरात जरीपटका वस्तीच्या बाजूला माझं लग्नाच्या व्हिडिओचं मिक्सिंग करायचं दुकान होतं. गिऱ्हाईक फार गोड बोललं की मी त्याला आत बसवायचो नाही. कोणी सहज म्हणून कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघितलं तरी मी पडदा वळवायचो. मित्र म्हणायचे, तुझ्या दुकानात यायचं म्हणजे पोलीस ठाण्यात आल्यासारखं वाटतं. मला ते कौतुक वाटायचं.

आत्याची गाणी रेकॉर्ड करावीत असं माझ्या मनात बरीच वर्षं होतं. तिचा नकार ठरलेला. "सीडीवर नाव कसं राहीन? कागद चिकटवतेत न? चिकटवलेलं निघते." आणि ती म्हणायची ते खोटं नव्हतं. लग्नाच्या सीडीवर मी चिकटवलेले नवरानवरीचे फोटो लोक काढून भलत्याच सीडीवर लावायचे, हे मी बघितलं होतं.

मग बाजारात सीडी उतरवायचं एक नवं ड्राइव्ह आलं. जरीपटक्याच्या ज्या दुकानदाराकडून मी कोऱ्या सीडी घ्यायचो, त्याने मला ते दाखवलं. आधी नेहमीसारखी गाणी उतरवायची, मग सीडी बाहेर काढून पालथी घालायची, की तोच लेसर सीडीच्या पाठीवर चित्र जाळून काढतो. त्यासाठी वेगळ्या सीडी लागायच्या, पाठ मातकट सोनेरी असलेल्या. शाई नाही, कागद नाही, गोंद नाही. मी त्याला विचारलं, "यात फसवणूक काय आहे?" तो म्हणाला, "भाई, आप को तो मिठाई में भी कंकड़ दिखता है." मी ड्राइव्ह विकत घेतलं.

आत्याला दुकानात बसवून पहिली सीडी केली, गाणी न उतरवता, नुसती नमुन्याची. तिचा पांढऱ्या लुगड्यातला फोटो, आणि खाली गोलाकार तिचं नाव. सीडी पालथी घातली, ड्राइव्ह घूं घूं करायला लागलं. अर्धा तास तरी लागायचा. आत्या स्टूल ओढून ड्राइव्हसमोर बसली, आत चोर बसला आहे आणि तो निघाला की धरायचा, अशा तयारीने.

"आत काय करून राहिलं हे?"

"तुयं नाव जाळून राहिलं."

"जाळून? काहून जाळून?"

"अवं, भाजून राहिलं. पक्कं करून राहिलं."

"मडकं भाजते तसं?"

"तसंच."

सीडी बाहेर आली. सोनेरी पाठीवर काळपट तपकिरी रंगात आत्या. कपाळावरची आठीसुद्धा आली होती. तिने नखाने खरवडून बघितलं, पदराला थुंकी लावून पुसून बघितलं, मग डोळ्यांजवळ नेलं. काही निघालं नाही. मी छाती पुढे काढून म्हणालो, "आत्या, हे आता कोनाच्या बापाले पुसता येत नाही."

त्या वाक्यावर ती गायला तयार झाली. त्या गायकानंतर पहिल्यांदा ती लोकांसाठी शेवटच्या कडव्यासकट गाणार होती, आणि ते माझ्या शब्दावर. शटर अर्धं पाडून, भिंतींना गोधड्या टांगून आम्ही रेकॉर्डिंग केलं. शेवटचं कडवं आलं की ती हात वर करायची. मी बटण चालू ठेवून बाहेर जाऊन उभा राहायचो, आणि आतून आवाज थांबला की परत यायचो. मिक्सिंगला मात्र मला ऐकावंच लागलं. तेव्हा ती शेजारी बसून माझ्या चेहऱ्याकडे बघत होती, मी पाठ करतोय का म्हणून. मी ते ऐकलं न ऐकलं केलं. खरं सांगतो, कामाच्या नादात मला एक ओळही धड आठवत नव्हती.

दसऱ्याला दीक्षाभूमीकडे जाणाऱ्या रस्त्यावर पुस्तकं, कॅलेंडरं, निळे झेंडे विकणारा एक ओळखीचा माणूस बसायचा. त्याच्या ताडपत्रीवर आत्याच्या सीडी ठेवल्या. आत्या बाजूला उभी. लोक सीडी उचलायचे, फोटो बघायचे, मग वर बघायचे तर तीच बाई समोर. एका म्हातारीने तिचा हात धरून विचारलं, "हे तूच रचलं का माय?" आत्या हसली. तिला असं दात दिसेपर्यंत हसताना मी क्वचितच बघितलं होतं, त्यामुळे मला तेही जरा संशयास्पद वाटलं. उरलेल्या सीडी त्या माणसाने रविवारच्या बाजारात विकायला ठेवून घेतल्या.

हिवाळा गेला, उन्हाळा आला. बुद्धपौर्णिमेला आत्या उमरेडला सासरच्या घरी गेली. काका, म्हणजे तिचे यजमान, आता नव्हते, पण घर होतं, आणि पडवीत बंद पडलेला हातमाग होता. दोन दिवस राहून यायची होती, ती दुसऱ्याच दिवशी बसने परत आली आणि थेट दुकानात शिरली. दुकानात गिऱ्हाईक होतं. तिने त्याला बाहेर जायला सांगितलं, आणि काउंटरवर दोन सीडी ठेवल्या.

"पाय. ही माह्या पेटीतली. अन् ही उमरेडच्या एका बाईनं नागपुरात रविवारच्या बाजारातून घेतली. सांग, खरी कोनती?"

पेटीतल्या सीडीवर आत्या ठसठशीत काळी. दुसरीवर एक धूसर बाई, नाक-डोळे उडालेले, नावाची अक्षरं लावून लावून वाचावी लागत होती. मी क्षणभरही विचार केला नाही.

"ही दुसरी नकली हाय."

"हाय न? मीबी तेच म्हनते." ती स्टुलावर बसली. "वाजवून पाह्यली मी त्या बाईच्या घरी. शेवटचं कडवंबी वाजते. आवाज कोनीबी उतरवन, पन नाव भाजाचं मशीन तुह्याजवळ हाय. माह्याजवळ त नाही."

कळायला मला वेळ लागला. कळलं तेव्हा मी हसलो, आणि ते फार चुकीच्या वेळी झालं.

"मी चोर दिसतो तुले?"

"दिसत नाही. चोर दिसला असता त त्याले चहा कोन पाजला असता?"

मी म्हणालो, ती सीडी इथे ठेव, तपासतो. ती म्हणाली, "कायले? पुरावा गायब कराले?" मी चिडलो, आवाज चढवला, काउंटरवर हात आपटला. ती शांतपणे म्हणाली, "चोराच्या मनात चांदनं." शेवटी ती धूसर सीडी तिने माझ्यासमोर टाकली, पेटीतली पदराखाली घातली आणि निघाली. संध्याकाळी घरी गेलो तर तिची लोखंडी पेटी जागेवर नव्हती. कपडे नेले असते तर राग उतरल्यावर आली असती. पेटी नेली म्हणजे ती परत यायची नव्हती.

ज्या बाईने मला न्हाऊ-माखू घातलं, तिच्या लेखी मी तो चहा पिऊन गेलेला गायक झालो होतो. मला भयंकर राग आला, आणि रागाच्या खाली रडू होतं. घर खायला उठायचं. मी ठरवलं, खरा चोर धरायचा आणि त्याला कॉलर धरून उमरेडला न्यायचं.

पहिला संशय बाजारातल्या विकणाऱ्यावर. रविवारी त्याच्या ताडपत्रीपाशी गेलो, तर उरलेल्या सगळ्याच सीडी तशाच धूसर! माझ्या हातचा ठसठशीत माल एकही नाही. मी म्हटलं, सापडला. त्याला विचारलं, ह्या कुठून आणल्या?

"कुठून म्हनजे? तुह्याच दुकानातून आन्ल्या न गा."

"माझ्या अशा नव्हत्या."

"मंग कशा होत्या? अन् मी कायले डुप्लिकेट करू? माह्या घरी टीव्ही बिघडून पडला हाय."

टीव्ही बिघडल्याचं त्याने न विचारता सांगितलं, म्हणून माझा संशय दुप्पट झाला. माणूस केवढ्या सफाईने खोटं बोलतो, असं म्हणत मी तिथून निघालो.

दुसरा संशय जरीपटक्याच्या दुकानदारावर. त्याला विचारलं, हे ड्राइव्ह आणि या सोनेरी सीडी आणखी कोण नेतं? तो म्हणाला, "कोई नहीं. आधा घंटा कौन बैठेगा, भाई? शहर में आप अकेले हो." यावर कोणाही शहाण्या माणसाने घरी जाऊन विचार केला असता. मी विचार केला, हा दुसऱ्या गिऱ्हाइकाला पाठीशी घालतोय. विहारात तबला वाजवणाऱ्यालाही मी सोडलं नाही. सुतावरून स्वर्ग गाठण्यात आमच्या घराण्याचा हात कोणी धरत नाही. साप साप म्हणून महिनाभर मी भुई थोपटली, आणि साप काही निघाला नाही.

त्या काळात मी आणखी एक उपाय केला होता. दुकानाच्या पुढच्या काचेत दोन सीडी टांगल्या. माझ्याकडची ठसठशीत नमुन्याची सीडी, तिच्यावर 'असली' अशी चिठ्ठी, आणि उमरेडहून आलेली धूसर, तिच्यावर 'नकली'. लोकांनी ओळखायला शिकावं आणि नकली कुठे दिसली तर येऊन सांगावं, हा हेतू. दुकान पश्चिमेला तोंड करून. दुपारनंतर काचेवर असं ऊन यायचं की मी आतून बोंबलत पंख्याखाली सरकायचो.

एक दिवस लग्नाची सीडी न्यायला आलेला एक मुलीचा बाप काचेसमोर उभा राहून बराच वेळ बघत होता. आत आला आणि म्हणाला, "भाऊ, दोन्ही नकलीच दिसून राहिल्या. मंग असली कायले लिवलं?"

मी बाहेर जाऊन बघितलं. खरंच, दोन्ही सारख्याच. दोन्हीवर तीच धूसर बाई. आणि माझ्या डोक्यात पहिला विचार काय आला असेल? कोणीतरी दुकानात शिरून सीडी बदलली! मी कुलूप बघितलं, खिळा बघितला, समोरच्या पानठेल्यावाल्याकडेही डोळे बारीक करून बघितलं. मग सीडी खाली उतरवली आणि तिच्यावरची 'असली'ची चिठ्ठी ओढून काढली.

चिठ्ठीच्या खाली आत्याचं कपाळ आणि एक डोळा होता. काळाभोर, ठसठशीत, आठीसकट. बाकीचा सगळा चेहरा उडालेला, खालचं नाव उडालेलं. जिथे कागदाची सावली होती तेवढीच आत्या शिल्लक होती.

मी तिथेच पायरीवर बसलो. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय? चोर नव्हताच. बाजारात ताडपत्रीवर महिनोन्महिने ऊन खाल्लेल्या त्या माझ्याच सीडी होत्या. विकणारा खरं बोलत होता, दुकानदार खरं बोलत होता, त्या माणसाचा टीव्हीही खरंच बिघडला असणार. मला एवढा आनंद झाला की त्या मुलीच्या बापाला मी चहा पाजला. मी सुटलो होतो. निर्दोष सुटलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी उमरेडची बस धरली. कोळशाच्या ट्रकांमागे बस रांगत होती आणि मी आत्याला काय काय ऐकवायचं याची जुळणी करत होतो. आधी पुरावा. मग थोडा रुसवा. मग तिने 'चुकलं गा' म्हणायचं, मी आढेवेढे घ्यायचे, आणि पेटी उचलून दोघांनी परत यायचं.

आत्या पडवीत हातमागाशेजारी बसून तूर निवडत होती. मला बघून सूप बाजूला ठेवलं नाही. मी चिठ्ठीखालच्या डोळ्याची सीडी तिच्या मांडीवर ठेवली आणि सगळं सांगितलं. ऊन, काच, चिठ्ठी, बाजारातली ताडपत्री. "पेटीतली काळी काहून राहिली? पेटीत अंधार हाय म्हनून. चोरी झालीच नाही वं आत्या. कोनंच नाही चोरलं."

ती सीडीकडे बघत राहिली. मग अंगठा आपल्याच त्या एका डोळ्यावर ठेवला. मग जिथे नाव होतं तिथून अंगठा गोल फिरवला.

"मंग नाव कुठं गेलं?"

"उन्हानं उडालं."

"तू म्हनला होता, कोनाच्या बापाले पुसता येत नाही."

मी स्वतःला सोडवायला आलो होतो, आणि जो पुरावा घेऊन आलो तो तिचं नाव दुसऱ्यांदा गेल्याचा होता. हे मला बसमध्ये एकदाही सुचलं नव्हतं.

"चोर असता त भांडली असती," ती म्हणाली. "स्टेजवर चढली असती या खेपेले. उनासंगं काय भांडू गा?"

तिने सीडी पदराखाली धरली आणि म्हणाली, "अंधारात ठेवली त राहते म्हंतं?"

"राहते."

"म्हनजे नाव राहते, फक्त कोनाले दिसत नाही." ती हसल्यासारखं करून म्हणाली, "थे त माह्या पोटात आधीच होतं."

मी म्हणालो, दुसरं काही करू, नवं काही तरी निघतंच, छापून घेऊ, मोबाइलमध्ये टाकू. ती ऐकतही नव्हती. तिने सूप खाली ठेवलं, उठली, दार लावलं. मग खिडकी लावली. मग माझ्याकडे बघितलं.

इतक्या वर्षांची सवय. मी आपोआप उठलो. "पानी आनू?"

"बस."

ती गायली. दीक्षेच्या दिवसाचं, सगळ्यात जुनं गाणं. आवाज थकला होता, पण चाल तशीच. शेवटचं कडवं आलं आणि ती थांबली नाही. तिचं नाव आलं, ओळीच्या बरोबर मधोमध, आणि तिथे चाल अशी वळायची की दुसरं कोणतंही तीन अक्षरी नाव तिथे बसेल, पण इतकं शोभणार नाही. मग म्हणाली, "आता तू म्हन."

मी खिशातून पेन काढला. तिने माझ्या हातावर चापट मारली. "लिहू नको. लिहिलेलं खोडता येते, भाजलेलं उडते. तोंडानं घे."

मला गाता येत नाही. मी बेसूर म्हणालो, ओळ विसरलो, पुन्हा म्हणालो. ती मांडीवर ताल धरून बसली होती. दुपार उतरेपर्यंत तिने मला सोडलं नाही. नाव नीट आलं तेव्हाच उठली, दार उघडलं, आणि पेटीकडे बोट दाखवून म्हणाली, "घे डोक्यावर. बस चुकन."

पुढच्या आठवड्यात ती विहारातल्या बायकांनाही शेवटचं कडवं शिकवायला लागली. एकेकीकडून वेगळं म्हणवून घ्यायची, आणि एकीचं ऐकताना दुसरीला बाहेर उभी करायची.

आत्या गेली त्याला आता काही वर्षं झाली. ती ड्राइव्हही आता मिळत नाहीत. तिचं नाव मी इथे लिहिलेलं नाही, लिहिणारही नाही. तिचा हुकूम आहे. कोणी घरी येऊन विचारलं तर चहा पाजतो आणि कडवं गाऊन दाखवतो. नावापाशी आलो की अजूनही वाटतं, ती समोर बसून माझ्या ओठांकडे टक लावून बघते आहे, पोट्टा नाव बदलतो की काय म्हणून.